तिसरी प्रत

१

आई गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने आतल्या खोलीत बसून टाचणीकडून पाठ चोळून घेतली.

टाचणी म्हणजे तिची एकुलती एक लेक. वय तिशीच्या पुढे गेलं तरी लहानपणी चिकटलेलं हे नाव सुटलं नव्हतं. अंगाने बारीक आणि बोलणं टोचणारं, त्यामुळे कोणी ते बदलायच्या भानगडीत पडलं नाही. ती एका प्रकाशनाची मुद्रितं तपासायची. छापायच्या आधी पुस्तकातल्या चुका हुडकायच्या, याचे तिला पैसे मिळत. आईचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि संध्याकाळी मुद्रितांचा गठ्ठा घेऊन तिथेच येऊन बसायचं हा टाचणीचा परिपाठ होता.

"जरा खाली. अगं खाली. मलम काय भिंतीला लावतेयस?"

"एवढं दुखतंय तर स्टुलावर चढून फ्रेमा कशाला लावत बसतेस?"

"मग काय गिऱ्हाइकाला चढवू?"

टाचणीने हसून तिचा कुर्ता आणखी वर केला. कमरेच्या हाडावर, दोन्ही बाजूंना, फिकट पांढरे ठिपके दिसले. जुने होते, कातडीत मुरून गेलेले.

"हे काय गं?"

"लहानपणी काट्यांत पडले होते."

"काट्यांत पडल्यावर इतके ओळीत टोचतात?"

"काटे शिस्तीचे होते. तुझ्यासारखे."

मग आई उठून बसली आणि लॅबच्या नावाने खडे फोडू लागली. मामा भर चाळिशीत झोपेतच गेला होता. त्याच्या राखून ठेवलेल्या रक्तात, झोपेत किंवा अचानक दचकल्यावर हृदयाची लय बिघडवणारा एक दोष सापडला. घराण्यातून खाली उतरणारा दोष. म्हणून त्याच्या दोन्ही बहिणींना, आईला आणि तिच्याहून धाकट्या मावशीला, डीएनए तपासणीसाठी बोलावलं होतं. मावशीत तो दोष निघाला. तिच्या छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली, यंत्र बसवलं. हृदय अडखळलं तर ते धक्का देऊन चालू करायचं. आईचा निकाल मात्र अजून लटकला होता.

"आज परत फोन. 'बाई, तुमचा नमुना खराब झाला.' दोनदा? माझं रक्त काय दूध आहे नासायला?"

"मग तिसऱ्यांदा दे. जातंय काय तुझं?"

"देणारच आहे. पुढच्या आठवड्यात बोलावलंय." आईने दुरुस्तीला आलेला एक चष्मा आणि स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. "टाचणे, एकाकडचं दुसऱ्याला लागू पडलं, तर शेवटी ते त्याचंच होतं ना गं?"

"चष्म्याबद्दल म्हणतेस?" टाचणीचे डोळे मुद्रितात होते.

"हो. चष्म्याबद्दलच."

तेवढ्यात मावशीचा फोन आला. तिला कणकण होती. आईने हातातला स्क्रूड्रायव्हर टाकला, कोट चढवला आणि "शटर तू ओढ" म्हणत ती निघालीसुद्धा. मावशीला नुसती शिंक आली तरी आईच्या पायाला चाकं लागत. टाचणीला याची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्टुलावर चढून वरच्या कप्प्यात फ्रेमा लावत होती, तेव्हा तिच्या मागे फोन खणखणला. शेजारचा दुकानदार सांगतो, नुसता धप्प आवाज आला. तो धावत आला तेव्हा फोन वाजतच होता.

२

डोक्याला मार लागला होता. हृदयही थांबलं होतं. पण आधी काय झालं, पाय घसरला की हृदय अडखळलं, हे आता सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

टाचणीला हे सहन होईना. रडणं तिला जमलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती "मी ठीक आहे" म्हणून चहा देत होती. शेवटी ती लॅबमध्ये गेली. आईचे खराब झालेले का होईनात, दोन नमुने तिथे होते. त्यांतून काही कळतं का पाहावं, एवढाच हेतू.

टेबलापलीकडे दोघी जणी होत्या. एक समुपदेशक बाई, रुग्णांना निकाल समजावून सांगणाऱ्या, मऊ आवाजाच्या. दुसऱ्या लॅबच्या प्रमुख. त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, आणि मोठ्या मॅडमना गोड बोलायला वेळ नव्हता.

"नमुने खराब झाले नव्हते," मोठ्या मॅडम म्हणाल्या.

टाचणीने समुपदेशक बाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर खाली घातली.

"एका घरातले नमुने आले, की आम्ही ओळखतपासणी करतो. नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना, यासाठी. तुमच्या मावशीच्या नळीतलं रक्त आणि तुमच्या आईच्या नावाच्या दोन्ही नळ्यांतलं रक्त एकाच व्यक्तीचं आहे."

"सख्ख्या बहिणी आहेत त्या."

"सख्ख्या बहिणींचं साधारण निम्मं जुळतं. इथे सगळंच जुळतंय. जुळ्या होत्या का?"

"सात वर्षांचं अंतर आहे."

"मग एकच अर्थ राहतो. तुमच्या आईने आम्हाला रक्त दिलंच नाही. त्यांच्या नावावर मावशी येऊन देऊन गेल्या. दोन्ही वेळा."

"आई असं कशाला करेल?"

"निकालाला घाबरून. आम्ही हे पाहतो. लोक भावाला पाठवतात, मित्राला पाठवतात. माझ्या माणसांनी नीट ओळख पाहिली नाही, ही आमची चूक. पण रक्त खोटं बोलत नाही."

टाचणी बाहेर आली. आईने फसवलं? दुकानात बसून "माझं रक्त काय दूध आहे" म्हणत हसली, ते नाटक होतं?

घरी ही गोष्ट पोहोचायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत नातेवाइकांनी निकाल लावूनही टाकला: धाकटीने थोरलीच्या नावाने हात पुढे केला, म्हणून थोरलीला वेळेवर औषध मिळालं नाही. धाकटीनेच तिला मारलं.

३

रक्त घेणाऱ्या माणसाला लॅबमधले सगळे डास म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट नव्या रुग्णांना तो स्वतःच ही ओळख करून देई, म्हणजे ते हसत आणि सुई टोचलेली कळत नसे. टाचणीने त्याला लॅबच्या मागच्या जिन्यात गाठलं. तो डबा उघडून बसला होता आणि त्याचा घास घशाखाली उतरत नव्हता.

"माझी नोकरी जाणार, ताई. मॅडम म्हणतात, मी तोंड न बघता सुई टोचली."

"टोचलीत का?"

"तुमच्या आईचं तोंड विसरेन मी?" त्याने नाकावरचा चष्मा काढून पुढे केला. "ही दांडी बघा. लोंबत होती. त्यांनी एक हात माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने पर्समधून एवढासा स्क्रूड्रायव्हर काढला. म्हणाल्या, तुझं काम झालं की माझं करते, हलू नकोस. मी म्हटलं, बाई, हलायचं नाही हे मी तुम्हाला सांगायचं असतं."

ही आईच. दुसरं कोणी असूच शकत नाही.

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदाही त्याच. आल्या आल्या दांडी तपासली."

"माझी मावशी कशी दिसते, आठवतं?"

"उंच, कुरळ्या केसांच्या. पोहायला शिकवतात ना? त्या सुईकडे बघतसुद्धा नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. त्या एकदाच आल्या. पहिल्यांदा दोघी मिळून आल्या होत्या तेव्हा."

"नळीवर नाव कधी घालता?"

"रक्त घेतल्यावर, माणसासमोरच. त्याच्याकडूनच वाचून घेतो."

खोटं बोलायचं तर डासाला कारण होतं. पण स्क्रूड्रायव्हरची गोष्ट मनाने रचता येण्यासारखी नव्हती. मग अदलाबदल आत झाली असेल? एकदा होईल. दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही वेळा आईच्याच नळीत मावशीचंच रक्त? चूक अशी नेम धरून होत नाही.

समुपदेशक बाई वऱ्हांड्यात भेटल्या. टाचणीने सरळच विचारलं, "आईला तुम्ही नमुना खराब झाला असं का सांगितलंत?"

"त्यांना खोटं ठरवायचं नव्हतं हो. माणूस घाबरलेला असतो. तोंडावर म्हटलं, की तुम्ही बहिणीला पाठवलंत, तर तो परत येतच नाही. म्हणून आम्ही खराब झाला म्हणतो आणि पुन्हा बोलावतो. ही आमची नेहमीची पद्धत आहे."

"म्हणजे दोघींचं रक्त एकच आहे, हे आईला कळलंच नाही?"

"नाही."

ते 'नाही' टाचणीच्या मनात खड्यासारखं रुतून बसलं. बाईंनी चांगुलपणानेच केलं होतं. पण खरं कारण ऐकून आई काय म्हणाली असती?

४

मावशीने दार उघडलं आणि टाचणीला पाहून ती दारातच उभी राहिली. नातेवाइकांपैकी बरेच दिवसांत कोणी फिरकलं नव्हतं. टाचणीही नाही.

"ये. की तूही बाहेरूनच बोलून जाणार आहेस?"

घरात ओल्या टॉवेलांचा वास नव्हता, हे टाचणीला आधी जाणवलं. मावशी तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. यंत्र बसवल्यापासून ते बंद झालं होतं. खुंटीवर शिट्टी तेवढी लटकत होती.

"मावशी, मला खरं सांग. आईच्या नावाने तू रक्त दिलंस?"

मावशी चिडेल असं वाटलं होतं. ती चिडली नाही. "सुई म्हटली की माझे हातपाय गळतात. स्वतःचं द्यायला गेले तर तुझ्या आईने माझा हात धरून ठेवला होता. तिच्यासाठी मी जीव दिला असता गं, पण तिला आजारी ठेवायला मी रक्त देईन?"

"एवढी भीती कधीपासून?"

"लहानपणापासून. आठ वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता. लांबच्या शहरात नेलं होतं. काचेची खोली होती, आणि रोज सुया. केससुद्धा गळून गेले. सरळ होते हां माझे केस, तुझ्या आईसारखे. परत उगवले ते हे असे." तिने कुरळ्या बटा मागे सारल्या. "तुझ्या आजोबांनी चिडवायचं ठरवलंच होतं, म्हणायचे, इस्पितळातून चुकून दुसरीच मुलगी आणली."

"आई कुठे होती तेव्हा?"

"तिथेच. तिलाही ताप आला होता ना. दोन-तीन दिवस पलीकडच्या खोलीत निजून होती. मग लंगडत लंगडत काचेशी यायची आणि मला वाकुल्या दाखवायची."

टाचणी परत निघाली तेव्हा डोक्यात गुंता वाढला होता. मावशी खरं बोलत होती. डास खरं बोलत होता. आणि मोठ्या मॅडमची यंत्रंही खरंच बोलत असणार. तिघंही खरे, तर चुकत कोण होतं?

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर तिला तिचं कामच आठवलं. दोन छापील प्रतींत एकच चूक, अगदी त्याच ओळीत, त्याच अक्षरात सापडली, तर एक प्रत दुसरीवरून उतरवलेली आहे एवढंच कळतं. कोणती कोणावरून, हे त्या चुकीवरून कळत नाही. ते ठरवायला तिसरी प्रत लागते. लॅबने पाहिलं, की दोन नळ्या एकसारख्या आहेत, आणि गृहीत धरलं की मावशीची खरी आणि आईची खोटी. का? तर मावशीची आधी तपासली म्हणून. उलटही असू शकतं. मावशीच्या नळीत आईचं रक्त असू शकतं.

कसं, हे तिला माहीत नव्हतं. पण तिसरी प्रत कुठे मिळेल ते माहीत होतं. ती स्वतःच तिसरी प्रत होती.

आणि मग त्याची दुसरी बाजू तिच्या ध्यानात आली. आईने फसवलं असेल, तर आईला कदाचित काहीच नव्हतं. पाय घसरला, संपलं. पण आई खरी असेल, तर त्या नळीतला दोष आईचा. आणि आईचा असेल तर निम्म्या शक्यतेने तिचाही. आईला निर्दोष ठरवायचं, तर तो दोष आधी स्वतःच्या दारात आणून उभा करावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी तिने डासापुढे हात धरला.

"चष्मा नाही का तुम्हाला?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग तुमच्याशी काय बोलू?" तो म्हणाला, आणि त्याने सुई टोचली.

५

"तुम्ही बसून घ्या," मोठ्या मॅडम म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडी शोभत नव्हतं.

"मी ठीक आहे."

"तुमचं रक्त त्या नळ्यांशी ताडून पाहिलं. बहिणीच्या मुलीचं जुळावं तेवढंच जुळेल, अशी आमची अपेक्षा होती. त्याच्या दुप्पट जुळलं. आईचं आणि मुलीचं जुळतं तसं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "नळीतलं रक्त तुमच्या मावशीचं आहे, आणि ते तुमच्या आईचं रक्त आहे. म्हणजे ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्या... मी काय म्हणते लक्षात येतंय ना?"

समुपदेशक बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. "अशा गोष्टी घरात कधीकधी सांगितलेल्या नसतात," त्या हळूच म्हणाल्या. "आणि तुमच्या रक्तात तो हृदयाचा दोष आहे का, तेही पाहिलंय. तुम्ही म्हणाल तेव्हा सांगू. आज नको, असं वाटत असेल तर..."

"आज नको."

रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. टाचणी मात्र दुकानांच्या काचांत स्वतःचा चेहरा बघत चालली. मावशीला मूल नव्हतं. मावशी आजारी पडली की आई धावायची, जशी काही तिचं देणं लागत होती. देणं कशाचं? मुलीचं? सगळं कसं चपखल बसत होतं. इतकं चपखल, की तिला संशय आला. मुद्रित पहिल्याच वाचनात निर्दोष वाटलं, तर ते पुन्हा वाचायचं असतं.

ती तडक मावशीकडे गेली. उंबऱ्यातूनच विचारलं, "मी तुझी मुलगी आहे का?"

मावशी आधी हसली. मग टाचणीचा चेहरा बघून हसू जिरलं. तिने तिला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि समोर जमिनीवर बसली.

"तुझी आई तुझ्या वेळी नऊ महिने माझ्या डोळ्यांसमोर होती. रोज पाय सुजायचे तिचे, मी चेपून द्यायची. आणि माझं म्हणशील, तर..." तिने आवाज खाली आणला. "हे मी कोणाला सांगत नाही. मला पाळी अशी कधी आलीच नाही, टाचणे. गोळ्या दिल्या की थोडी, बंद केल्या की बंद. पुढे तपासलं तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, अंडाशय लहानपणीच करपून गेलंय. लहानपणी काही जबरी उपचार झाले होते का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, छे, नुसता ताप. मूल नाही म्हणून तुझे काका गेले सोडून. तुला जन्म द्यायची कूस मी कुठून आणू?"

टाचणी उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली.

जिला मूल होणं शक्यच नाही, तिच्या अंगातलं रक्त सांगतं की मी या मुलीची आई आहे. मग ते रक्त तिचं नाही.

६

बाबा आयुष्यभर बस चालवत आले होते आणि कमी बोलायचे. ते दुकानात, आईच्या जागेवर बसून उगाच फ्रेमा पुसत होते.

"बाबा, आईच्या कमरेवरचे ठिपके कसले?"

बाबांचा हात थांबला.

"काट्यांचे नाहीत," टाचणी म्हणाली. रात्रभर रक्ताच्या आजारांबद्दल वाचून ती आली होती. "सुयांचे आहेत. मावशी आठ वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. आधी तिच्या हाडांतला सगळा मगज, बोन मॅरो, औषधांनी जाळून टाकला. केस गेले, पाळी गेली, ती त्याच औषधांनी. मग आईच्या कमरेच्या हाडांतून मगज काढून तिला दिला. आई पलीकडच्या खोलीत होती ती तापाने नव्हे. आणि रक्त तयार होतं ते हाडांतल्या मगजात. म्हणून तेव्हापासून मावशीच्या अंगात आईचं रक्त तयार होतंय. डासाने दोघींचं रक्त घेतलं, दोघींची नावं बरोबर घातली, आणि तरीही तिन्ही नळ्यांत आई निघाली. कोणीच कोणाला फसवलं नाही. मी चुकतेय का?"

बाबांनी फ्रेम हळूच खाली ठेवली.

"तुझ्या आजोबांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. मुलगी दुखणाईत म्हणून नाव पडलं, की पुढे तिला कोण करून घेणार, ही त्यांना धास्ती. तुझ्या आईला शपथ घातली. तिने लग्नानंतर मला सांगितलं आणि मलाही घातली."

"आजोबा गेले. मावशीचं लग्न झालं, मोडलं. त्यानंतर तरी?"

"मीही तेच म्हटलं होतं. तर म्हणाली, आता सांगितलं तर ती जन्मभर माझ्या उपकाराखाली वाकून राहील. बहीण आहे, तिला बहीणच राहू दे." बाबांचा आवाज चिरकला. "पण ते रक्त अजून तेच असतं, हे आम्हाला काय ठाऊक! आम्हाला वाटायचं, तेव्हा दिलं, तिचं तिला लागू पडलं, संपलं."

टाचणीला आईचा प्रश्न आठवला. शेवटी ते त्याचंच होतं ना गं? दुसऱ्यांदा नमुना खराब झाला म्हटल्यावर आईच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकली होती. लॅबने तिला एवढंच सांगितलं असतं, की तुमचं आणि तुमच्या बहिणीचं रक्त एकच येतंय, तर आईने त्या मिनिटाला शपथ गुंडाळून ठेवली असती. तिच्याइतकं हे कोडं सोडवायला सोपं कोणालाच नव्हतं. आणि तिलाच विचारायचं सोडून त्यांनी तिला न दुखावायचं ठरवलं.

टाचणीने हे सांगितल्यावर मोठ्या मॅडमनी, 'आणखी एक तपासणी' एवढंच कळवून, मावशीचे केस मुळांसकट मागवून घेतले. केसांची मुळं मगजातून येत नाहीत. ती ज्याची त्याचीच राहतात. तिथे दुसरीच बाई निघाली: आईची सख्खी बहीण, निम्मी जुळणारी, आणि हृदयाच्या त्या दोषाचा मागमूस नसलेली.

"मावशींना आम्ही विचारलं होतं, पूर्वी कधी मोठे उपचार झालेत का. त्या नाही म्हणाल्या," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "मी तुमच्या आईंना फसव्या म्हणाले. ते शब्द मी परत घेते."

"रक्त खोटं बोलत नाही, हे तुमचं बरोबर होतं," टाचणी म्हणाली.

समुपदेशक बाई रडत होत्या. टाचणीला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. नुसता थकवा आला.

"तुमचा निकाल..." बाईंनी विचारलं.

"उद्या सकाळी येते."

७

मावशीला हे सांगायचं कसं, याची वाक्यं टाचणीने वाटेत दहा वेळा जुळवली आणि खोडली. शेवटी जसं सुचलं तसं सांगितलं. काचेची खोली, सुया, आईच्या कमरेवरचे ठिपके, शपथ, तीन नळ्या, केसांची मुळं.

मावशीने स्वतःचं मनगट उलटं केलं आणि त्यावरच्या निळ्या शिरेकडे, दुसऱ्याची वस्तू बघावी तसं, बघत राहिली.

"लंगडत यायची," ती म्हणाली. "काचेशी. मला वाटायचं, मला हसवायला लंगडतेय."

बाहेर कोणाचं तरी मूल सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशीचा हात वर गेला, गळपट्टीच्या हाडाखाली, जिथे कातडीखाली यंत्राचा उंचवटा होता.

"म्हणजे माझं हृदय धड आहे."

"हो."

"म्हणजे हे तिच्या छातीत असायला हवं होतं."

मावशीने तो उंचवटा बोटांनी चाचपला, दाबला, जणू तो काढून देता आला असता तर आत्ता काढून दिला असता. मग एकदम तिला दुसरंच काही सुचलं आणि तिने मान वर केली.

"आणि तू? तिचा तो दोष तुझ्यात..."

"उद्या कळेल."

"एकटी जाणारेस?"

"मी ठीक आहे," टाचणी म्हणाली. इतके दिवस ती दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला हेच म्हणत आली होती. डॉक्टरांना, नातेवाइकांना, बाबांना. रडायची वेळ आली की ती कामाला लागली होती. नळ्या, नावं, कोण आलं, कोण खोटं बोलतं. आईवरचा आळ पुसायचा राहिला होता, तोवर आई पुरती गेलेली नव्हती. आता तिला शोधायचं असं काहीच उरलं नाही.

मावशीने तिचा हात आपल्या हातात घेतला. मावशीचा हात गरम होता.

"टाचणे?"

टाचणीने तो हात घट्ट धरला.

"मावशी," ती म्हणाली, "मला आई हवीये."